गट्टूंना आलेला घाम

नळदुर्गला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराच्या अंगणात कोणी चपला घालून यायचं नाही, असा घरमालकांचा नियम होता. देवघरात नाही, स्वयंपाकघरात नाही, अंगणात. पाहुणा असो, गॅसची टाकी आणणारा असो, नाहीतर सोयरीक घेऊन आलेलं कोणी असो, चपला फाटकाबाहेर काढायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. एका निवडणुकीत पाच-सहा पुढारी कडक इस्त्रीचे कपडे घालून दारात आले. ऐन पावसाळा, गल्लीत चिखल. अप्पा फाटक अडवून उभे राहिले आणि म्हणाले, “मत देतो, पर चपला भायेर.” त्यातल्या मोठ्या पुढाऱ्याने मुकाट्याने बूट काढले, मोजेही काढले. मत कोणाला दिलं ते मात्र अप्पांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अप्पा म्हणजे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना अप्पाच म्हणायची, मीही म्हणू लागले. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, ते म्हातारपणी बंद करून घरी बसले होते. बसले होते हा आपला म्हणण्याचा प्रकार, कारण बसलेले अप्पा मी फारसे पाहिलेच नाहीत. ते नेहमी ओणवे, नाहीतर गुडघ्यांवर. कपाळाला विभूती, अंगात बंडी, धोतर वर खोचलेलं आणि नजर जमिनीला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मूळची रत्नागिरीकडची, नोकरीने इतक्या लांब आणून टाकलेली. आमच्याकडे पावसाळ्यात शेवाळ भिंतीवर धरतं, पायरीवर धरतं, चार दिवस न वापरलेल्या चपलेवरसुद्धा धरतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्यामुळे शेवाळाशी असं हाडवैर धरलेला माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू फुटलं. म्हटलं, “अप्पा, तुम्ही आमच्या कोकणात असता तर वेडे झाला असता.”

ते गंभीरपणे म्हणाले, “म्हणून तर तिकडं जन्म न्हाय घेतला, बाई.”

अंगणात गट्टू बसवलेले होते. सिमेंटचे ते एकमेकांत अडकणारे लाल आणि करडे ठोकळे, जे आता ग्रामपंचायतीपासून पेट्रोल पंपापर्यंत जिथे बघावं तिथे दिसतात. बाकी गावातले गट्टू निवांत ऊन खात पडलेले असतात. अप्पांचं घर मात्र बोरी नदीच्या अंगाला, सखल जागी. एका बाजूला शेजाऱ्यांची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला दाट लिंबाचं झाड. आषाढ लागला की ऊन त्या अंगणाकडे फिरकायचं नाही ते थेट दसऱ्यापर्यंत. मराठवाडा हा कोरडा प्रदेश आहे असं मी दिवसभर मुलांना शिकवायचे आणि घरी येऊन अंगणातला हिरवा थर बघायचे.

तो थर अप्पा रोज पहाटे काढायचे. गुडघ्यांखाली गोणपाट, हातात काथ्याचा ब्रश, शेजारी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली. सांध्यांत उगवलेलं गवत उपटायला एक वाकडा स्क्रू ड्रायव्हर होता, तो दुसऱ्या कशाला वापरलेला त्यांना खपायचा नाही. शेवाळ खरवडायचं नाही, भिजवायचं, जरा थांबायचं आणि मग घासायचं, ही त्यांची शिस्त. ॲसिडचं नाव काढलं की भडकायचे. “ॲसिड गट्टूचं तोंड खातंय, बाई. तोंड गेलं की त्यात पाणी मुरतंय, आन् मंग दुप्पट शेवाळ धरतंय. लोकायला वाटतंय, साफ झालं.”

एकदा शेजारच्या मुलाने हौसेने हायवेवरच्या वॉशिंग सेंटरमधून प्रेशरचं मशीन आणलं आणि अप्पा सोलापूरला गेले असताना सगळ्या अंगणावर फवारा मारला. गट्टू लख्ख झाले. बिचाऱ्याला वाटलं शाबासकी मिळेल. अप्पांनी येऊन पाहिलं तर सांध्यांतली बारीक वाळू उडून निम्मी भिंतीवर जाऊन बसली होती. ते त्याला रागावले नाहीत. घरातून चहा आणून दिला, तो पिईपर्यंत समोर उभे राहिले आणि कप परत घेताना म्हणाले, “आता घरी जा, बाबा. लई केलंस.” पुढचे कित्येक दिवस ते वाळू चाळून केरसुणीने सांध्यांत भरत होते. गट्टू ढिला झालाय का ते बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐकायचे. भांडी विकून लागलेली ती खोड. माझा कुकरही त्यांनी एकदा असाच ठोकून पाहिला होता आणि तो फार दिवस टिकणार नाही असं सांगितलं होतं. माझ्या मते कुकरात काही दोष नव्हता, पण तेव्हापासून मी तो जरा लांबूनच उघडू लागले.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. खताच्या पोत्यातला जाड प्लास्टिकचा कागद ते संध्याकाळी गट्टूंवर अंथरायचे, कडांवर दगड ठेवून पक्का दाबायचे आणि सकाळी हळूच एक कोपरा उचलून खाली बघायचे. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब धरलेले असले की आत ओल आहे. “घाम यायलाय अजून,” असं म्हणून कागद घडी करून ठेवून द्यायचे. वरून अंगण खडखडीत वाळलेलं दिसायचं, मी तसं म्हणायचेही. “दिसत न्हाय म्हणून ओल नसती आसं न्हाय, बाई. माणसाचंबी तसंच.” पुढे काही मोठं तत्त्वज्ञान येईल म्हणून मी थांबायचे, पण ते तेवढंच बोलून ब्रशकडे वळायचे.

हा घाम बघायचं कारण एक डबा होता. गट्टूंवर लावायचं चकाकणारं कोटिंग त्यांनी सोलापूरहून आणून ठेवलं होतं. ते लावलं की पाणी आत मुरत नाही आणि शेवाळाला धरायला जागा राहत नाही. पण खालची ओल पूर्ण गेल्याशिवाय लावायचं नाही, नाहीतर ती आतच कोंडते आणि वरचा थर नासतो. ते उन्हाळ्यातलं काम. त्या उन्हाळ्यात मात्र अव्वांचं विसरणं वाढलं, अप्पा दवाखान्याच्या चकरांत अडकले आणि डबा जिन्याखाली तसाच राहिला.

अव्वा म्हणजे अप्पांची बायको. माहेर आळंदच्या बाजूचं, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. मी राहायला आले तेव्हाच त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. मी शाळेतून आले की रोज विचारायच्या, “कुटल्या गावच्या ओ तुमी?”

“रत्नागिरीकडची, अव्वा.”

“आगं बया! मंग आंबे न्हाय आनले?”

पहिल्या वर्षी मी खरंच एक पेटी आणली. त्यांनी चवीने आंबे खाल्ले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरून पुन्हा तोच प्रश्न. मी तिथे होते तितकी वर्षं हा प्रश्न चालू राहिला आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. घरापासून इतक्या लांब, मी कुठून आले हे रोज कोणीतरी विचारत होतं, हेच मला पुरे होतं.

फाटकाजवळ काळ्या फरशीचा एक कट्टा होता, तिथे अव्वा सकाळी येऊन बसायच्या. घराच्या उंबरठ्यापासून त्या कट्ट्यापर्यंत अंगण ओलांडून त्या आपल्या आपण चालत यायच्या. घरात त्या सतत काहीतरी शोधत असायच्या, काय शोधतोय ते आठवलं नाही की घाबरायच्या, रडायच्या. कट्ट्यावर बसल्या की मात्र वेगळ्याच. येणारे-जाणारे नमस्काराऐवजी म्हणायचे, “शरणार्थ, अव्वा,” आणि त्या सगळ्यांनाच ओळखत असल्यासारख्या, “शरणार्थ, लेकरं बरी हायत का?” असं विचारायच्या. लेकरं कोणाला नसतात? त्यामुळे त्यांचं विसरणं तिथे कोणाच्या लक्षातच यायचं नाही. त्यांच्या हातात तेवढी एकच गोष्ट उरली होती. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की चालतील, बोलतील तोवर त्यांना अडवू नका.

अव्वा निघाल्या की अप्पा त्यांच्या पुढे ओणवे होऊन उलटे चालायचे. नजर गट्टूंवर, तोंडाने सारखं ओरडणं. “तितं न्हाय, हितं पाय ठेव. आगं हितं! दिसत न्हाय का?” गल्लीत सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याला बायकोपेक्षा गट्टू प्यारे. मलाही तसंच वाटायचं आणि रागही यायचा. एकदा न राहवून मी बोलले, “अप्पा, गट्टू झिजतील म्हणून त्यांना धड चालूही देत नाही का तुम्ही?”

ते मान वर न करता म्हणाले, “व्हय बाई. लई म्हागाचे गट्टू हायत.”

आणि पुढच्या गट्टूवर हात फिरवून पाहिला, ओला आहे का. अव्वा उठायच्या आत पहाटे अंगण घासून का होतं, सगळ्यात जास्त ब्रश उंबरठा ते कट्टा एवढ्याच पट्ट्यावर का फिरतो, हे मला तेव्हा कळलं. अप्पांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. लोकांनी त्यांना खुळा म्हटलेलं त्यांना चालत होतं. बायकोचं काही बिघडलंय असं म्हटलेलं चालत नव्हतं.

श्रावणात अप्पांना ताप भरला. आठवडाभर अंथरुणातून उठता येईना. मी सकाळी शाळेत जायच्या घाईत खराटा मारून जायचे, पण खराट्याने शेवाळ निघत नाही. अव्वांना ते कुठे ठाऊक? त्या आपल्या नेहमीच्या वेळी निघाल्या आणि अंगणाच्या मध्यावर घसरल्या. मनगट मोडलं. मी शाळेतून आले तेव्हा हाताला प्लास्टर घालून त्या कॉटवर बसल्या होत्या आणि अप्पा तापात फणफणत, एका हाताने भिंत धरून, अंगणात ब्रश मारत होते.

मुलगा पुण्याहून आला. त्यांचा एकुलता एक. चांगला मुलगा, मला त्याच्यात आजही खोट काढता येत नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला, फ्लॅट छोटा, मुलांच्या शाळा. त्याने पुण्याजवळच्या एका केंद्राची सगळी चौकशी करून ठेवली होती. बोलणं अंगणातच झालं, माझ्या खोल्या अंगणाच्या पलीकडच्या बाजूला, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

“अप्पा, असं विसरणाऱ्या लोकांसाठीच ते केंद्र हाय. दिवसरात्र बाया असतात सांभाळायला. तुम्ही एकटे किती दिवस करणार? आज मनगट मोडलं, उद्या खुबा मोडला तर?”

“आन् म्या? म्याबी ऱ्हाऊ का तितं?”

“तिथं फक्त पेशंटला ठेवून घेतात. तुम्ही आमच्याकडं राहा. महिन्याला भेटायला जात जाऊ.”

मग अप्पांचा आवाज आला, “ती हितं बसती कट्ट्यावर. तितं कोन शरणार्थ म्हननार हाय तिला?”

शेवटी मुलगा म्हणाला, “बरं. मी महालक्ष्म्यांना येतो. तोवर आई आपल्या पायानं, न घसरता, कट्ट्यापर्यंत जाऊ लागली तर राहू द्या इथंच. न्हायतर मग मी घेऊन जाणार. तेव्हा नाही म्हणायचं न्हाय.”

“चालंल,” अप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून माणूस बदललाच. इतर कशात लक्ष नाही, नुसतं आभाळाकडे बघणं. भाद्रपद तोंडावर आलेला, रोज दुपारी भुरभुर. एकदाची तीन-चार दिवस उघडीप मिळाली. अप्पांनी सगळं अंगण सोड्याने धुतलं, सांधे साफ केले, वाळू भरली, जिन्याखालून डबा बाहेर काढला आणि संध्याकाळी प्लास्टिकचा कागद अंथरला. सकाळी त्यांनी कोपरा उचलला तेव्हा मी दारात दात घासत उभी होते. कागदाच्या खाली थेंबच थेंब. लांबूनही दिसत होते.

“घाम आहे हो, अप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा हातात घेऊन कागदाची आतली बाजू पुसून काढली, अगदी कडेपर्यंत, ताट पुसावं तशी. कागद माझ्याकडे धरून म्हणाले, “कुटं हाय? कोरडं हाय की.”

ज्याने आयुष्यभर भांडं ठोकून, ऐकून मगच गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, तो माणूस स्वतःलाच फसवत होता आणि त्याला ते कळतही होतं. मी चूळ भरायला आत गेले. महालक्ष्म्या, म्हणजे आमच्याकडच्या गौरी, चार दिवसांवर आल्या होत्या.

दिवसभर ते कोटिंग लावत होते. रोलर घेऊन, उंबरठ्यापासून मागे मागे सरकत, फाटकापर्यंत. संध्याकाळी अंगण असं चमकत होतं की गल्लीतली माणसं फाटकावरून वाकून बघून गेली. लिंबाचं झाड खाली उलटं दिसत होतं. अप्पा पहिल्यांदाच कट्ट्यावर निवांत बसले आणि त्यांनी मला हाक मारून चहा पाजला. “आता शेवाळाचा बाप आला तरी घसरत न्हाय,” म्हणाले. त्या दिवशी त्यांना तसं खूश पाहून मलाही बरं वाटलं.

रात्रीतून कोंडलेल्या ओलीने आपलं काम केलं. सकाळी चमक तशीच होती, पण तिच्याखाली सगळीकडे पांढुरकं फुटलं होतं. लाल गट्टू लाल दिसेनात, करडे करडे दिसेनात. सगळं अंगण एकसारखं दुधाळ आणि वर आभाळाचा उजेड हलणारा. अप्पा बघत उभे राहिले. “रंग गेला,” एवढंच म्हणाले. “जाऊ दे. घसरत तर न्हाय.” त्यांनी स्वतः अनवाणी चालून, पाय दाबून दाबून पाहिलं. खरंच घसरत नव्हतं.

मग अव्वा आल्या. उंबरठ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. एका हाताने लुगडं घोट्यापासून वर उचललं, खाली वाकून पाहिलं आणि मागे सरकल्या.

“नीर बंदाव,” त्या म्हणाल्या. पाणी आलंय.

“पानी कुटलं? कोरडं हाय. ये.”

“नदी आलीय ओ दारात,” अव्वा म्हणाल्या. “भरलीय बगा.”

अप्पांनी हात पुढे केला. अव्वांनी तो घेतला नाही. अप्पांनी गट्टूवर हात घासून कोरडा तळवा दाखवला, त्यांनी तो बघितलासुद्धा नाही, त्यांची नजर त्या उजेडावर खिळलेली. शेवटी अप्पा चालत अंगणाच्या मधोमध गेले आणि तिथे उभे राहून पाय आपटू लागले. सत्तरीच्या पुढचा माणूस, धोतर सावरत उड्या मारतोय आणि ओरडतोय, “बग! बग की! कोरडं हाय! हाय का पानी?”

अव्वांनी किंकाळी फोडली. “बुडताव ओ! या की मागं! कुनीतरी धरा ओ त्यायला!” मला पाहिलं तसं माझ्याकडे हात पसरून रडू लागल्या. मी धावत गेले, पण मी त्यांच्याकडे अंगणातूनच जात होते, त्यामुळे त्या आणखीच घाबरल्या. मला बुडताना बघत होत्या त्या.

अप्पा थांबले. हळूहळू चालत उंबरठ्यापर्यंत परत आले. अव्वांनी त्यांचा दंड धरून आत ओढलं, खाली बसवलं आणि प्लास्टर नसलेल्या हाताने पदर घेऊन त्यांचे पाय पुसले. खडखडीत कोरडे पाय. बोटांच्या मधून, घोट्यापर्यंत, नीट पुसले. अप्पांनी ते पुसू दिले. मला तिथे उभं राहवेना, मी माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि रडले.

त्यानंतर अप्पांनी काय नाही केलं? पोती अंथरून वाट केली, तर अव्वांना ती पाण्यावर तरंगताना दिसली. वाळू पसरली, ती दुपारच्या पावसाने धुऊन नेली. मग रंगाच्या दुकानातून थिनर आणून कोटिंग काढायला बसले. ओल्या हवेत ते सुटेना, जिथे सुटलं तिथे चकत्या पडल्या आणि अंगणात नुसती डबकीच डबकी दिसू लागली. बोटांची कातडी सोलून निघाली. मी म्हटलं, “अप्पा, मुलाला फोन करून सांगा, थोडे दिवस मागून घ्या.”

“शब्द दिलाय, बाई. आन् त्याचं तरी काय चुकतंय?” ते घासतच राहिले. थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “घाम दिसला होता मला. दिसला होता.”

नंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. माझी बदली ढोकीला झाली. अप्पा पुण्याला राहायला गेले नाहीत, महिन्यातून एकदा बसने जाऊन अव्वांना भेटून यायचे. पहिल्या दोन-तीन भेटींत अव्वांनी त्यांना ओळखलं, पुढे नाही. पण त्या सगळ्यांशीच गोड बोलायच्या, तशा त्यांच्याशीही बोलायच्या. “लेकरं बरी हायत का, म्हनली मला,” एवढं त्यांनी एकदा मला फोनवर सांगितलं आणि हसल्यासारखं केलं. अव्वा केंद्रातच वारल्या, त्यांच्या मागोमाग वर्षाच्या आत अप्पा. घराला आता कुलूप आहे. मध्ये एका लग्नाला नळदुर्गला गेले होते तेव्हा फाटकातून डोकावले, तर अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवंगार. फाटकाला हात लावून तशीच मागे फिरले.

पण मला अप्पा आठवतात ते त्या सकाळचे, महालक्ष्म्या उठल्यानंतरच्या. मुलगा आदल्या दिवशी आला होता. त्याने अंगण पाहिलं, अप्पांची बोटं पाहिली. सकाळी आईला म्हणाला, “चल आई, कट्ट्यावर बसू.” अव्वा उंबरठ्याशी आल्या, लुगडं वर धरलं आणि उभ्या राहिल्या. तो वाट बघत राहिला. मग त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान खाली घातली आणि आतून अव्वांची पिशवी आणून त्याच्या हातात दिली.

गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि मध्ये ते अंगण. मुलाने अव्वांचा हात धरला तर त्या ओरडायला लागल्या, कोण हा परका मला पाण्यात ओढतोय म्हणून. त्याने उचलून घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याला ओरबाडलं. शेजारीपाजारी फाटकाशी जमले होते. मुलगा रडकुंडीला येऊन बाजूला झाला.

तेव्हा अप्पा पुढे झाले. उंबरठ्याखाली उभे राहिले, धोतर गुडघ्यांच्या वर खोचलं आणि अव्वांना म्हणाले, “लई पानी हाय खरं. ये, म्या नेतो पलीकडं.”

इतके दिवस ते पाणी नाही, पाणी नाही म्हणून भांडत होते. आहे म्हणाल्याबरोबर अव्वा शांत झाल्या. गल्लीसमोर जराशा लाजल्यासुद्धा. मग त्यांनी प्लास्टरचा हात आणि चांगला हात, दोन्ही अप्पांच्या गळ्यात टाकले. अप्पांनी त्यांना उचललं. हे चार दिवस आधी सुचलं असतं तर पाणी आहे म्हणत, हात धरून, अव्वांना त्यांच्याच पायांनी कट्ट्यापर्यंत नेता आलं असतं, असं माझ्या मनात आलं, आणि त्यांच्याही आलं असणार.

ते चालायला लागले. एकेक पाय उचलून, जड, गुडघाभर पाण्यातून चालावं तसे. मुलगा मदतीला आला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मध्यावर दम लागून थांबले. अव्वांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“सोडू नका ओ,” त्या म्हणाल्या.

“न्हाय सोडत.”

कट्टा ओलांडून फाटकाबाहेर गेले. मुलाने गाडीचं दार उघडलं. अप्पांनी वाकून त्यांना सीटवर ठेवलं, पण अव्वा गळ्यातले हात काढेनात. प्लास्टरच्या हाताची बोटं त्यांच्या बंडीत रुतलेली. “सोडू नका,” पुन्हा म्हणाल्या. अप्पा दाराशी अर्धे आत वाकून, आपल्या सोललेल्या हाताने त्यांचं एकेक बोट सोडवत होते आणि म्हणत होते, “न्हाय सोडत, न्हाय सोडत.”